प्रश्न वाचकांचे : चेनसॉची धार, घरच्या घरी

मागील अंकात बागेतील जुन्या झाडांच्या छाटणीविषयी लिहिताना चेनसॉचा, म्हणजे यंत्राने फिरणाऱ्या दातेरी साखळीच्या करवतीचा, उल्लेख अगदी ओझरता आला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय मात्र छाटणी हा नसून साखळीची धार हाच होता. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : २०२० सालच्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात आमच्या बागेतील आंबा, काजू आणि नारळाची बरीच झाडे आडवी झाली, तेव्हा नाइलाजाने ५८ सीसीचा पेट्रोलवर चालणारा चेनसॉ घेतला. साखळी बोथट झाली की तालुक्याच्या गावी दुकानात मशीनवर धार लावून आणतो. आणल्यावर अर्धा दिवस ती लोण्यातून सुरी जावी तशी चालते, मग पुन्हा जैसे थे. दातांच्या टोकांवर निळसर झाकही दिसते. कानशीने घरीच धार लावता येईल का, आणि कोणत्या मापाची कानस घ्यावी?
(एक बागायतदार, दापोली)

उत्तर : येईल, आणि आमच्या मते घरीच लावावी. आपण लिहिलेल्या निळसर झाकेतच दुखणे आहे. ग्राइंडरच्या फिरत्या चाकाला दात जरा जास्त वेळ टेकला की त्याची पातळ कड क्षणात तापते, पोलाद निळे पडते आणि लोहाराच्या भाषेत सांगायचे तर त्याचे पाणी उतरते. अशा दाताला चकचकीत धार येते खरी, पण ती टिकत नाही. शिवाय घाईत काम करणारा कारागीर प्रत्येक दातावरून गरजेपेक्षा बरेच जास्त पोलाद काढून टाकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यापुढे पावसाआधीच्या दिवसांत दहा-दहा साखळ्या पडलेल्या असतात. कानशीने दात तापत नाही आणि आपण केसाएवढेच पोलाद काढू शकतो.

कानशीचे माप यंत्राच्या सीसीवर ठरत नाही, साखळीच्या पिचवर ठरते. साखळीवरील लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्याचा निम्मा भाग म्हणजे पिच. हे पूर्ण अंतर १६.५ मिलिमीटर भरले तर पिच .३२५ इंच असते आणि १९ मिलिमीटर भरले तर ३/८ इंच. आपल्या ५८ सीसीच्या यंत्रावर बहुधा .३२५ पिचची साखळी असेल. तिला ४.८ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातील भाषेत दीड सुताची, गोल कानस लागते. लहान यंत्रांवरील ठेंगण्या दातांच्या ३/८ साखळीला ४ मिलिमीटरची आणि मोठ्या यंत्रांवरील पूर्ण उंचीच्या ३/८ साखळीला ५.५ मिलिमीटरची कानस चालते. काही उत्पादक या शेवटच्या साखळीसाठी ५.२ मिलिमीटरची कानस सुचवतात. साखळीच्या पाकिटावर हे माप छापलेले असते, पण पाकीट जपून ठेवणारा चेनसॉधारक आम्ही अजून पाहिलेला नाही. एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. टोकाकडे निमुळती होत जाणारी साधी गोल कानस या कामाची नाही. चेनसॉची कानस आरंभापासून टोकापर्यंत एकाच जाडीची असते, आणि ती त्याच नावाने मागून घ्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्र बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढावी, बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवावी, आणि हातमोजे घालावेत. बार, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पोलादी पट्टी, हलता कामा नये. घरी व्हाइस असेल तर उत्तम. बागेत असाल तर एखाद्या ओंडक्यात त्याच करवतीने उभी खाच पाडून तीत बारचे टोक बसवावे आणि बाजूने पाचर मारावी. साखळी नेहमीपेक्षा किंचित घट्ट करून घ्यावी, म्हणजे कानस लागताना दात डुलत नाही, आणि दात घासताना चेन ब्रेक, म्हणजे साखळी जागीच रोखणारा ब्रेक, लावलेला असावा.

आता खरे काम. सर्वांत झिजलेला, म्हणजे सर्वांत आखूड दात शोधून त्यावर मार्करने खूण करावी आणि तेथूनच आरंभ करावा. दाताच्या वरच्या पृष्ठावर बहुतेक साखळ्यांना तिरपी रेघ कोरलेली असते. ती ३० अंशांची असते आणि कानस तिला समांतर धरायची असते. कानस जमिनीशी समतल असावी आणि तिच्या जाडीचा सुमारे पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर दिसत राहावा. हा पाचवा हिस्सा डोळ्यांना सवयीने कळू लागतो, पण सुरुवातीला कानशीवर बसणारा पत्र्याचा धारक घेतल्यास तो उंची आणि कोन दोन्ही सांभाळतो. कानस दाताच्या आतील बाजूने बाहेर ढकलावी, जोर मागे दाताकडे आणि किंचित वर ठेवावा, आणि परत आणताना ती उचलून आणावी. ती पुढे जातानाच कापते. मागे ओढली तर फक्त स्वतः झिजते. पहिल्या साखळीच्या वेळी आम्ही कोयत्यावर निसणा फिरवावा तशी ती मागेपुढे रगडली होती, आणि संध्याकाळपर्यंत कानस गुळगुळीत झाली होती.

एका दाताला दोन-तीन हात पुरतात. एका दिशेला तोंड असलेले सगळे दात आधी संपवावेत, मग दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेले घ्यावेत आणि प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात द्यावेत. धार आली की नाही हे अंगठ्याने पाहू नये, उजेडात पाहावे. बोथट कडेवर उन्हात केसासारखी पांढरी चमकती रेघ दिसते. धारदार कडेवरून प्रकाश परावर्तितच होत नाही, त्यामुळे ती रेघ नाहीशी होते. रेघ गेली की थांबावे.

हे काम केव्हा करावे, हे आपण विचारलेले नाही, तरी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. साखळी पूर्ण बोथट होण्याची वाट पाहू नये. दर वेळी पेट्रोल भरताना प्रत्येक दाताला दोन हात मारले तर जेमतेम सात-आठ मिनिटे जातात. पार गेलेली धार परत आणायला मात्र अर्धा तास लागतो आणि दातही तेवढाच जास्त खर्ची पडतो.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. हातकरवतीचे दात आम्ही तिकोनी कानशीने लावतो. चेनसॉच्या साखळीला गोल कानस कशासाठी?
(एक सुतार, राधानगरी)

उत्तर : कारण चेनसॉचा दात करवतीपेक्षा आपल्या रंध्याला जवळचा आहे. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात खरोखरच हातकरवतीसारखे टोकदार असत. ते लाकूड ओरबाडत, लवकर बोथट होत, आणि त्यांना धार लावण्यात कामगारांचा फार वेळ जाई. १९४६ साली अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ ब्यूफोर्ड कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती लाकडाचे धागे आडवे असोत की उभे, डावी-उजवीकडे जबडे चालवत सहज पुढे सरकत होती. त्या जबड्यांवरून त्यांनी एक डावा आणि एक उजवा असे वाकलेले दात बनवले आणि १९४७ मध्ये पोर्टलंड शहरातून ती साखळी विकायला काढली. आज आपण वापरतो ती साखळी त्याच घराण्यातली आहे.

हा दात बाजूने पाहिला तर आतून वाटीसारखा पोकळ दिसतो. त्याला दोन कडा असतात. उभी कड लाकडाचे धागे बाजूने तोडते, माथ्याची आडवी कड ते तळातून उचलून काढते, आणि दोघी जेथे मिळतात तो कोपरा सर्वांत आधी लाकडात शिरतो. गोल कानस त्या वाटीत फिरली की दोन्ही कडा एकाच हातात घासल्या जातात. तिकोनी कानशीने वाटीचा तळ बिघडेल आणि कडेला बळ उरणार नाही.

म्हणूनच जाडीचेही महत्त्व आहे. प्रमाणापेक्षा बारीक कानस घेतली, किंवा योग्य कानस फार खाली धरली, तर माथ्याखाली आकड्यासारखी खोबण पडते. तिची कड सुरुवातीला अधाशासारखी चावते आणि दोन ओंडक्यांत मोडते. जाड कानस घेतली, किंवा ती फार वर धरली, तर कड मागे कलते आणि लाकडावरून नुसती घसरते. आपल्या हाताला रंध्याच्या पात्याची सवय आहे, तेव्हा हा फरक आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजेल.

प्रश्न : गेले वर्षभर धार घरीच लावतो. दात बोटाला टोचतील इतके तीक्ष्ण होतात, तरीही करवत पिठासारखा भुसा काढते आणि हातानेच दाबून धरावी लागते. काय चुकत असेल?
(एक शेतकरी, शिराळा)

उत्तर : धार लावण्यात बहुधा काही चुकत नाही, चुकत आहे ती न केलेली गोष्ट. प्रत्येक दाताच्या पुढे, त्याच दुव्यावर, शार्कच्या परासारखा एक उंचवटा असतो. त्याला डेप्थ गेज म्हणतात. वरील उत्तरातील रंध्याची उपमा येथे पुन्हा उपयोगी पडते. रंध्याचे पाते तळाच्या जितके बाहेर काढावे तितकी जाड ढलपी निघते. चेनसॉमध्ये रंध्याच्या तळाचे काम हा उंचवटा करतो. तो लाकडावर टेकून चालतो आणि दाताची कड त्याच्यापेक्षा जेवढी वर असेल तेवढीच लाकडात शिरते.

दाताचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. त्यामुळे दर धारेला कड थोडी मागे सरकते आणि थोडी खालीही उतरते. उंचवटा मात्र आहे तेथेच राहतो. वर्षभरात दोघांची उंची सारखी झाली की तीक्ष्ण दातही लाकडाला नुसता स्पर्श करून पुढे जातो, आणि मग पीठ पडू लागते. निरोगी साखळीखाली पीठ न पडता बोटाच्या पेरावर घेता येतील असे जाडसर तुकडे पडायला हवेत.

.३२५ आणि ठेंगण्या ३/८ साखळीसाठी हा फरक सामान्यतः ०.६५ मिलिमीटर असतो. तो मोजण्यासाठी खाच असलेली पोलादी पट्टी मिळते. ती दातांवर आडवी ठेवली की उंचवट्याचा जास्तीचा भाग खाचेतून वर डोकावतो. तेवढाच भाग चपट्या कानशीने घासावा. नंतर पट्टी काढून उंचवट्याची पुढची कड हलक्या हाताने गोल करावी, कारण ती चौकोनी राहिली तर लाकडात अडकून धक्के देते. दर तीन-चार धारांनंतर ही तपासणी पुरते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आमच्या ओळखीच्या एका लाकूडतोड्याने करवत 'फास्ट' व्हावी म्हणून पट्टी न लावता सगळे उंचवटे भरपूर घासून टाकले. करवत खरोखरच जोरात चावू लागली. इतकी की दुसऱ्याच दिवशी बारच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीला लागताच ती उसळून त्याच्या खांद्यापर्यंत आली. चेन ब्रेक नीट काम करत होता म्हणून तो निभावला. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते, तेव्हा अशा उसळीत हात बाजूला घ्यायला वेळच मिळत नाही. उंचवटा कमी घासला गेला तर फक्त काम हळू होते. जास्त घासला गेला तर तो परत वाढवता येत नाही. दात तेवढे खाली येईपर्यंत घासत बसावे लागते किंवा साखळी बदलावी लागते.

प्रश्न : जाड खोड कापताना करवत सरळ जात नाही, उजवीकडे वळत जाते आणि शेवटी बार अडकतो. साखळी नवी घ्यावी का?
(एक काजू बागायतदार, दोडामार्ग)

उत्तर : एवढ्यात नको. साखळीवर डावे आणि उजवे दात एकाआड एक असतात आणि प्रत्येक बाजू करवतीला आपल्याकडे ओढत असते. ओढ सारखी असली तर करवत सरळ जाते. एका बाजूचे दात लांब किंवा जास्त धारदार राहिले की करवत त्या बाजूला वळते. आपली करवत उजवीकडे वळते, म्हणजे डावे दात दुर्लक्षित आहेत.

याचे कारण बहुधा माणसाच्या हातातच असते. उजव्या हाताने काम करणाऱ्याला एका बाजूचे दात घासताना कानस सहज चालते. दुसऱ्या बाजूला मनगट अवघडते, कोन ३० अंशांवरून नकळत २० वर येतो आणि जोरही कमी पडतो. यावर हात मोजणे हा अर्धाच उपाय आहे, कारण अवघडलेल्या हाताचे तीन हात सरावलेल्या हाताच्या दोनांएवढेही भरत नाहीत. बाजू बदलताना कानस उलट्या हातात घेण्यापेक्षा आपणच यंत्राच्या पलीकडे जाऊन उभे राहावे, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे दोन-दोन दात व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहावेत. कॅलिपर नसेल तर आगपेटीची काडी दाताच्या माथ्याएवढी मोडून ती दुसऱ्या दातांवर लावून पाहिली तरी फरक लक्षात येतो. लांब दात आखूड दातांएवढे होईपर्यंत घासावेत. आखूड दात लांब करण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

सगळे दात सारखे निघाले तरीही करवत वळत असेल, तर बार उलटा बसवून पुन्हा कापून पाहावे. वळण आता डावीकडे गेले तर दोष साखळीचा नसून बारच्या एका बाजूची कड जास्त झिजल्याचा आहे. बार तसाही दर काही दिवसांनी उलटून बसवावा आणि त्याच्या खोबणीतील चिकट भुसा काढून टाकावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात आणि तेलही साखळीपर्यंत पोहोचते.

प्रश्न : बांधावरची जुनी बाभूळ तोडताना आत मुरलेली कुंपणाची तार लागली. चार-पाच दातांचे कोपरे उडाले आहेत. फक्त तेवढेच दात घासले तर चालेल का?
(एक शेतकरी, पारनेर)

उत्तर : तेवढेच घासले तर ते इतरांपेक्षा आखूड होतील आणि करवत धक्के देऊ लागेल. दाताच्या माथ्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ, कठीण थर असतो, आणि खरी कड तोच धरून ठेवतो. तारेने तो थर जेथपर्यंत उडाला आहे तेथपर्यंत मागे घासल्याशिवाय धार उभी राहत नाही; वरवर घासलेला दात चमकतो, पण कापत नाही. तेव्हा सर्वांत जास्त मोडलेला दात उडालेल्या भागाच्या मागेपर्यंत घासावा आणि बाकीचे सगळे दात त्याच्या लांबीला आणावेत. एखादाच दात पार तुटला असेल तर मात्र संपूर्ण साखळी त्याच्यासाठी खर्ची घालू नये. तो तसाच सोडून बाकीचे घासावेत, एका दाताने फारसे बिघडत नाही. अशा मोठ्या दुरुस्तीसाठी आमचा ग्राइंडरलाही विरोध नाही. फक्त कारागिराला दात थोडा-थोडा, थांबून-थांबून घासायला सांगावे आणि समोर उभे राहून ते करून घ्यावे. बांधावरची जुनी झाडे तोडण्यापूर्वी खोडावर तारेचे वण, खिळे किंवा फुगलेले पट्टे आहेत का हे कोयत्याने साल खरवडून पाहिल्यास हा खर्च वाचतो.

प्रश्न : नारळाचे पडलेले माड कापताना साखळी आंब्याच्या मानाने फार लवकर बोथट होते. कठीण पोलादाची साखळी मिळते का?
(एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग दाट, कठीण धाग्यांचा असतो, आणि किनाऱ्यालगत पडलेल्या खोडाच्या सालीत वाळूही अडकलेली असते. वाळूपुढे कोणतीही साधी साखळी टिकत नाही. पोलाद बदलण्यापूर्वी दाताचा आकार बदलून पाहावा. कोपरा काटकोनी असलेला फुल चिझल दात स्वच्छ लाकडात वेगाने कापतो, पण मातीत लगेच मार खातो. कोपरा गोलसर असलेला सेमी चिझल दात थोडा हळू चालतो आणि धुळीत बराच जास्त वेळ टिकतो. माडासाठी, तसेच ज्यात मुळातच सिलिका असते अशा सागासाठीही, सेमी चिझल घ्यावी. खोड जमिनीला टेकलेले असेल तर खाली ओंडका सरकवून ते उचलावे. फिरती साखळी एकदाच मातीला लागली तरी सकाळपासूनची धार जाते.

प्रश्न : साखळी बदलण्याची वेळ कशी ओळखावी?
(तीन वाचकांनी हा प्रश्न विचारला आहे.)

उत्तर : बहुतेक साखळ्यांच्या दातावर मागच्या बाजूला झिजेची खूण कोरलेली असते; कड तेथपर्यंत आली की साखळी संपली. खूण नसेल तर दाताच्या माथ्याची लांबी सर्वांत आखूड जागी सुमारे ४ मिलिमीटर उरली की थांबावे, कारण त्यापुढे दात तुटून उडण्याचा धोका असतो. त्याआधीही कोणत्याही दुव्याला तडा दिसला किंवा रिव्हेट सैल लागला, तर धार कितीही चांगली असली तरी ती साखळी बाजूला ठेवावी. नवी साखळी बसवताना तिला फिरवणाऱ्या स्प्रॉकेटच्या दातांवर खोल चरे पडले आहेत का हेही पाहावे, कारण झिजलेले स्प्रॉकेट नव्या साखळीलाही थोड्याच दिवसांत आपल्यासारखे करते. शक्य असेल तर दोन साखळ्या आलटून-पालटून वापराव्यात. तसे केल्याने दोन्ही साखळ्या आणि स्प्रॉकेट बरोबरीने झिजतात, आणि भर कामात तार लागली तर दुसरी साखळी धार लावून पिशवीत तयार असते.